पंप बंद करून साबुदाण्याच्या गोळ्या?

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा आहे. पावसाळा लागला की सकाळी उठल्या उठल्या शिंका, रात्री खोकून खोकून छातीत सूं सूं आवाज. डॉक्टरांनी दमा सांगून रोजचा पंप दिलाय, पण सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागली की जन्मभर सुटत नाही. ओळखीच्या एका बाईंनी आर्सेनिक आल्बम ३० हे होमिओपॅथीचं औषध सुचवलंय, पण आधी पंप बंद करा म्हणतात. काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर: ताई, पंप बंद करू नका, हे आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू.

३० म्हणजे १ भाग औषध ९९ भाग पाणी-अल्कोहोलमध्ये, असं लागोपाठ ३० वेळा पातळ केलेलं. साधारण १२ वेळांनंतरच मूळ द्रव्याचा कण उरणं अवघड, त्यामुळे या गोळ्यांना साइड इफेक्ट नाही म्हणतात ते खरंच, पण इफेक्टचं काय? ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की कुठल्याच आजारावर होमिओपॅथीचा भरवशाचा पुरावा नाही. बऱ्याच जणांना गोळ्यांनी बरं वाटतं कारण अ‍ॅलर्जी मुळात कमीजास्त होत असते, सीझन सरला की आपोआप उतरते आणि श्रेय गोळ्यांना जातं.

पंपाची सवय लागत नाही. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट श्वासनळीत जातो. फक्त नीट घेतला पाहिजे, तिथेच बहुतेकांची गडबड होते: पंप हलवायचा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावायचा, श्वास पूर्ण सोडून मग हळूहळू आत ओढायचा, १० आकडे रोखायचा. नंतर चूळ भरायला लावा नाहीतर तोंडात पांढरं येतं. घरात ओल आलेली भिंत, मच्छर कॉइल, उदबत्ती, खिडकीतली कबुतरं, यांच्याकडेही बघा.

बोलताना वाक्य तुटायला लागलं, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर दिसले तर दम लागल्यावर घ्यायला डॉक्टरांनी दिलेला पंप देत देत थेट हॉस्पिटल गाठा, गोळ्या चघळत बसू नका.

मुलाला होमिओपॅथीच्या गोळ्या द्यायच्याच असतील तर पंपाच्या जोडीने द्या. पंप कमी करायचं डॉक्टर ठरवतील, तीनेक महिने दमा आटोक्यात राहिला की. आणि दम्यावर रामबाण म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या मात्र घरात आणूच नका, त्यात चक्क स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, तेही किती ते कोणालाच माहीत नसतं.