गुडघे कोण धरतं ते बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीत अडकलीस, मग शेवटची पानं चाळलीस, तर तिथे ग्रीकांनी ज्यात लपून ट्रॉय शहर घेतलं तो लाकडी घोडाही नाही आणि ट्रॉयही पडलेलं नाही. फसवल्यासारखं वाटलं म्हणतेस. यादी खुशाल सोड, तिच्याकडे नंतर परत येता येईल. घोडा मात्र या काव्यात सापडायचा नाही. दहा वर्षांच्या युद्धातले शेवटाकडचे थोडे दिवस होमरने उचलले आहेत. साडेपंधरा हजारांहून जास्त ओळी त्यावर खर्च करून तो ट्रॉयचा मोठा योद्धा हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापाशी थांबतो.

‘अकिलीसला नायक का म्हणायचं?’ हा ग्रीकांच्या सर्वांत शूर योद्ध्याबद्दलचा तुझा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला. त्याचं उत्तर मी देणार नाही, कुठे बघायचं तेवढं सांगते. या काव्यात कोण कोणाचे गुडघे धरतं, ते बघत जा. आपण पाय धरतो. त्या जगात दया मागणारा समोरच्याच्या गुडघ्यांना मिठी घालतो आणि अशा माणसाला झिडकारणं देवालाही खपत नाही.

पहिल्या सर्गाची सुरुवातच बघ. अपोलो देवाचा म्हातारा पुजारी खंडणी घेऊन आपली मुलगी सोडवायला येतो. ग्रीकांचा सेनापती ॲगामेम्नॉन त्याला हाकलून देतो, छावणीत साथ पसरते, सेनापतीचं आणि अकिलीसचं भांडण पेटतं आणि अकिलीसचा राग सुरू होतो. पुढे रणांगणावर जीव वाचवण्यासाठी कितीतरी जण विनवणी करतात, पण तिथे एकाचीही विनवणी फळत नाही. सहाव्या सर्गात मेनेलाओस एका शत्रूच्या विनवणीने विरघळायला आलेला असतो, तेवढ्यात त्याचा भाऊ ॲगामेम्नॉन धावत येऊन सांगतो की आईच्या पोटातलं मूलसुद्धा सुटता कामा नये.

पण थांबायचं असेल तर एकविसाव्या सर्गात, लायकेऑनपाशी थांब. हा ट्रॉयचा राजा प्रायम याचा कोवळा मुलगा. बागेत अंजिराच्या फांद्या तोडत असताना अकिलीसने त्याला एकदा पकडलं होतं आणि लेमनॉस बेटावर विकलं होतं. तिथून सुटून तो घरी आला, अकरा दिवस आपल्या माणसांत राहिला आणि बाराव्या दिवशी पुन्हा त्याच अकिलीससमोर उभा ठाकला. तो एका हाताने त्याचे गुडघे धरतो, दुसऱ्या हाताने भाला. ‘तुझ्याकडचं अन्न मी खाल्लंय’, अशी आठवण करून देतो. अकिलीस त्याला ‘मित्रा’ म्हणतो. मित्रा, तूही मर. माझा जिवलग पॅट्रोक्लस मेला, तो तर तुझ्याहून कितीतरी थोर होता. मलाही मरण आहेच, सकाळी, संध्याकाळी नाहीतर भर दुपारी. हे ऐकल्यावर लायकेऑन भाला सोडतो आणि दोन्ही हात पसरून खाली बसतो. त्या सोडलेल्या भाल्यापाशी मी दरवेळी पुस्तक मिटते.

हा अकिलीस असा नव्हता, हेही तिथेच कळतं. पॅट्रोक्लस जिवंत होता तोवर शत्रूला सोडून देणं मला आवडायचं, असं तो स्वतःच सांगतो. नवव्या सर्गात त्याला लहानपणी मांडीवर घेऊन भरवणारा फिनिक्स, राग सोड म्हणून समजवायला आला होता. त्याने सांगितलं होतं की विनवण्या या देवांचा राजा झ्यूस याच्या मुली आहेत, लंगड्या, सुरकुतलेल्या, तिरळ्या. अनर्थ धडधाकट असतो, पुढे पळतो. या बिचाऱ्या मागून येऊन जखमा बऱ्या करत जातात. अकिलीसने तेव्हा ऐकलं नाही. पुढे पॅट्रोक्लसला मारणारा, प्रायमचा मुलगा हेक्टर अकिलीसच्या हातून मरता मरता गुडघ्यांची आण घालून एवढंच मागतो की माझं प्रेत कुत्र्यांना टाकू नकोस. अकिलीस म्हणतो, प्रायमने तुझ्या भारंभार सोनं तोलून दिलं तरी देणार नाही.

आणि मग चोविसाव्या सर्गात तोच प्रायम रात्री त्याच्या तंबूत येतो. गुडघे धरतो आणि आपली मुलं मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो. पहिल्या सर्गातही म्हातारा बापच आला होता, खंडणी घेऊन, आपलं मूल मागायला. प्रायम म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर. अकिलीस त्याचा हात धरून त्याला हळूच बाजूला सारतो आणि दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी तर कधी पॅट्रोक्लससाठी.

इथे घाई करू नकोस. अकिलीस काही एकाएकी संत होत नाही. थोड्याच वेळात तो म्हाताऱ्याला दटावतो, मला चिथवू नकोस म्हणून. दासींना सांगतो, प्रेत प्रायमच्या नजरेआड धुवा. बापाला ते दिसून त्याचा तोल गेला तर आपलाही जाईल आणि आपल्या हातून हा मारला जाईल, याची त्याला भीती आहे. आपल्या रागाला तो आता ओळखतो. मला तो मोठा वाटतो तो इथे, बाविसाव्या सर्गातल्या विजयात नाही.

मग तो जेवण मांडतो. बारा मुलं गमावलेल्या नायोबीलाही शेवटी अन्नाची आठवण झाली, असं सांगून प्रायमला जेवायला बसवतो. माझे वडील गेले तेव्हा आमच्या घरी चूल पेटली नव्हती. शेजारणीने पिठलं-भात आणला आणि ‘दोन घास खा’ म्हणत समोर बसून राहिली. त्या वर्षी हा सर्ग पुन्हा वाचला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की अकिलीस काय करतोय.

क्रम मी सांगते तसा ठेव: पहिला, सहावा, नववा, मग सोळा ते चोवीस. मोठ्याने वाच, कारण हे काव्य ऐकणाऱ्यांसाठी रचलं गेलं. अकिलीस बसलेला असला तरी ‘चपळ पायांचा’ म्हटला जातो, त्याने अडखळू नकोस. कानाला त्याची सवय होईल. प्रेत गाडीवर चढवल्यावर अकिलीस मेलेल्या पॅट्रोक्लसला हाक मारून काहीतरी सांगतो. ते नीट वाच आणि तुला काय वाटलं ते पुढच्या पत्रात लिही.

तुझ्या,
बाई