फुटाचा दर सगळ्यात शेवटी

प्रश्न : पाच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली फरशी घासली, आता स्वतःचं मशीन घेतलंय. पहिलंच काम ८०० चौरस फूट जुन्या कोटा फरशीचं आहे. फुटाला किती सांगू? (सांगली)

गावात चालू असलेला दर विचारून तोच सांगू नका. तो दर लावणाऱ्याच्या मशीनचे पैसे कदाचित कधीच फिटलेले असतील, तुमचे फिटायचे आहेत. आधी कामाला लागणारे दिवस मोजा, मग दिवसाचा खर्च. फुटाचा दर त्यातून आपोआप निघतो.

उदाहरणादाखल आकडे घेतो, तुमच्याकडचे तुम्ही घाला. घासायच्या पहिल्या, खडबडीत दगडाला दोन दिवस, पुढच्या बारीक नंबरांच्या दगडांना आणि पॉलिशला तीन, कडांना एक, असे सहा दिवस. कारागीर १,२०० आणि मदतनीस ८०० धरला तर मजुरी १२,००० रुपये. दगड, डायमंड पॅड, पावडर ५,०००. मशीन ९०,०००चं असेल आणि मोठी दुरुस्ती निघेपर्यंत कामाचे ३०० दिवस भरतील असं धरलं, तर दिवसाला ३०० म्हणजे १,८००. टेम्पो येऊन-जाऊन २,५००. फर्निचरवर प्लास्टिक, गाळ उचलणं, शेवटची धुलाई १,५००. आणि तुमची स्वतःची मजुरी ४,०००. नवा ठेकेदार हा शेवटचा आकडा हमखास विसरतो. मोजमाप, साहित्याची धावपळ, रोजची देखरेख हे कामच आहे, ते नफ्यातून भागवायचं नसतं.

बेरीज २६,८००. मोटार बंद पडणं, एखादा कोपरा पुन्हा घासून द्यावा लागणं, यासाठी १० टक्के धरा : २९,४८०. त्यावर १५ टक्के नफा धरला की सुमारे ३३,९००. ८००ने भागा, फुटाला ४२ रुपये आणि थोडे वर. हाच हिशेब १५० फुटांच्या खोलीचा करून पाहा. टेम्पोचं भाडं तेवढंच, प्लास्टिक बांधायला जवळपास तेवढाच वेळ, त्यामुळे फुटाचा दर बराच वर जातो. म्हणून छोट्या कामाला फुटाचा दर सांगूच नका, किमान रक्कम ठरवा आणि तिच्या खाली मशीन टेम्पोत चढवू नका.

दर देण्याआधी जागेवर दोन गोष्टी पाहा. वीज सिंगल फेज आहे की थ्री फेज, आणि गाळ कुठे जाणार. घासलेल्या दगडाचा गाळ नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या वाटेत सोडला तर तो पाइपात बसून घट्ट होतो आणि प्लंबरचं बिल तुमच्या नावावर येतं. वायपरने ओढून ड्रममध्ये भरा, तळाशी बसू द्या, वरचं पाणी काढून खालचा गाळ गोणीत भरून राडारोड्याबरोबर पाठवा. याला रोज अर्धा-पाऊण तास जातो. तो वेळही दरात धरा.

प्रश्न : वाईजवळच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे. मालकांना मार्बलसारखी आरसा चकाकी हवी. हो म्हणू का? (सातारा)

नाही म्हणा, आणि दर देण्याआधीच म्हणा. शहाबादीही चुनखडकच, पण जुन्या घरांतली फरशी पापुद्रा सुटलेल्या नैसर्गिक पृष्ठाची, हाताने कडा ठोकलेली असते. ती छान गुळगुळीत होते, मंद चमक धरते, ओल्या पुसण्याने तिचा निळा-करडा रंग खुलतो. आरसा मात्र होत नाही. मला स्वतःला ती मंद चमकच जास्त आवडते. मालकांना एक घासलेला तुकडा हातात देऊन पाहा, बहुतेकांचा हट्ट तिथेच संपतो.

दराचा खरा प्रश्न उंच-सखलपणाचा आहे. सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची सरळपट्टी चार-पाच ठिकाणी आडवी-उभी टाका आणि खालची फट मोजा. दोन लाद्यांच्या कडांत एक मिलिमीटरचा फरक असेल तर नेहमीचं काम. तीन-चार मिलिमीटर असेल तर खडबडीत दगडाचाच वेळ दुप्पट-तिप्पट होतो. लादीवर मूठ आपटून आवाजही ऐका. पोकळ वाजणारी लादी मशीनखाली हलते, कधी फुटते. ती आधी बसवून घ्यायची आणि त्याचे पैसे वेगळे, हे कोटेशनमध्ये लिहा.

प्रश्न : पांढऱ्या मार्बलचं काम केलं. चकाकी उत्तम आली, पण दोन पिवळसर डाग राहिले म्हणून गिऱ्हाइकाने शेवटचे १५,००० अडवले. चूक कोणाची? (ठाणे)

डाग बोलायचं राहिलं, एवढी चूक तुमची. मार्बलवरच्या खुणा दोन प्रकारच्या असतात. लिंबू, चिंच, संडास धुण्याचं ॲसिड सांडलं की दगडाचा वरचा थरच खाल्ला जातो आणि तिथे फिका, निस्तेज ठसा उमटतो. तो घासल्यावर जातो. तेल, हळद, लोखंडी कपाटाच्या पायाचा गंज हे मात्र दगडात आत मुरतात. मशीन वरचा थर काढतं, आत मुरलेलं नाही. गंजाला, तेलाला वेगवेगळे लेप लावावे लागतात, वेळ लागतो आणि पूर्ण जाईल याची हमी देता येत नाही.

यापुढे काम सुरू होण्याआधी गिऱ्हाइकासोबत खोलीभर फिरा, प्रत्येक डागाचा, तड्याचा, उडालेल्या कोपऱ्याचा फोटो काढा आणि तिथल्या तिथे त्यांना पाठवा. मग दोन बाय दोन फुटांचा नमुना शेवटच्या पॉलिशपर्यंत करून दाखवा. नमुन्याची जागा डागाजवळचीच निवडा, स्वच्छ कोपऱ्यातली नको. नमुना त्यांनी पाहिला, होकार लेखी आला, की पैसे टप्प्याने : सुरुवातीला ४० टक्के, घासणं संपून पॉलिश सुरू होताना ४०, उरलेले २० काम दाखवल्यावर. म्हणजे अडकले तरी २०च टक्के अडकतील. सध्याच्या भांडणात लेप लावून पाहण्याचा एक प्रयत्न स्वतःच्या खर्चाने करा, पण तो किती करणार हे आधी लिहून द्या.

प्रश्न : माझ्या निम्म्या दरात काम करणारा माणूस गावात आहे. कसं टिकायचं? (जळगाव)

तो कोणते नंबर लावतो ते विचारा. ६०, १२०, २२०, ४००, ८०० अशा क्रमात आधीच्या नंबराचे ओरखडे पुढचा काढतो. १२०वरून थेट ८००वर उडी मारली तर ओरखडे तसेच राहतात, वर मेण चोपडलं की महिना-दोन महिने दिसत नाहीत. गिऱ्हाइकाला त्याच्याबद्दल काही बोलू नका. स्वतःच्या कोटेशनमध्ये नंबरांचा क्रम लिहा आणि पूर्ण झालेल्या एखाद्या जागी घेऊन जा. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड पडतो तेव्हा जा, ओरखडा असेल तर त्याच उजेडात दिसतो.

त्याच्या दरापर्यंत मात्र उतरू नका. काम कमी हवं असेल तर तसा वेगळा दर द्या : आरसा पॉलिशऐवजी फक्त सपाट करून मंद चमक, किंवा फक्त हॉल.

प्रश्न : जिना आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) फुटात धरायचं का? (नाशिक)

चौरस फुटात अजिबात नाही. सुरुवातीला मी २२ पायऱ्यांचा एक जिना घेतला होता. पायरी चार फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट उंच. हिशेब १३२ चौरस फूट आला, म्हटलं दिवसभराचं काम. मोठं मशीन पायरीवर उभंच राहत नाही. प्रत्येक पायरी, तिची गोल धार, कोपरे, सगळं हाताच्या ग्राइंडरने बसून करावं लागलं. पाच दिवस गेले आणि कारागिरांची मजुरी मी घरून आणून दिली. तेव्हापासून जिना नगावर, म्हणजे पायरीमागे, आणि स्कर्टिंग रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर लावतो. खोल्यांच्या कडांचंही तसंच. भरपूर छोट्या खोल्या असलेल्या घरात कडा जास्त, म्हणून तेवढ्याच क्षेत्रफळाच्या मोकळ्या हॉलपेक्षा दर वर.

प्रश्न : सोसायटीने चौरस मीटरमध्ये दर मागितलाय, शिवाय जीएसटी आणि टीडीएस. (पुणे)

एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, फुटाच्या दराला तेवढ्याने गुणा. महाराष्ट्रात सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केलेली नसेल, तर बिलात जीएसटी लावता येत नाही. नोंदणी असेल तर अशा कामाला १८ टक्के, आणि दर ‘जीएसटी वेगळा’ असं स्पष्ट लिहून द्यायचा. तुम्ही साहित्यावर भरलेला जीएसटी नोंदणी नसताना परत मिळत नाही, म्हणून पॅड-दगडांची किंमत करासह धरा. टीडीएस म्हणजे बिलाचे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, तो खर्च नाही. एकटा मालक म्हणून धंदा करत असाल तर एका बिलाची रक्कम ३०,०००च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की १ टक्का कापला जातो, आणि तो विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळता होतो. पॅन नंबर बिलावरच छापा. तो दिलेला नसेल तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते.