सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन शनिवार-रविवार नागपूरला जातोय. तिथलं खाणं आणि एक संध्याकाळ पबमध्ये, हे कसं जमवावं?

तुम्ही लिहिलंय की शनिवारी सकाळी पुण्याहून नागपूरला उतरणार आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत निघणार. सोबत शाकाहारी सासूबाई आणि दोन लहान मुलं. मी इथलाच, म्हणून एक गोष्ट आग्रहानं सांगतो: आधी दुपारची जेवणं ठरवा, पबचं मागाहून बघा. पब पुण्यात कमी नाहीत. नागपूरची खरी चव सकाळी आणि दुपारी असते आणि तीच हुकवून लोक परत जातात, याचं मला वाईट वाटतं.

सावजी, म्हणजे नागपूरचं झणझणीत काळ्या मसाल्याचं जेवण, शनिवारी दुपारीच खा. रात्री खाल्लं तर पोटाला झेपत नाही, आणि रविवारी खाऊन रात्रभर गाडीत बसणं तर सवय नसलेल्या माणसानं करूच नये. त्यासाठी चकचकीत हॉटेल शोधू नका. महाल, इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली या जुन्या भागांत जा. हे हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांचं जेवण. या वस्त्या हातमागावर आणि पुढे गिरण्यांवर जगल्या (जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये इथंच सुरू झाली), आणि त्यांच्या घरच्या चुलीवरचं जेवण हळूहळू भोजनालयांत आलं. बरीच भोजनालयं अजून घरासारखीच आहेत: चार बाकं, स्टीलची ताटं, आतून येणारा फोडणीचा वास.

सावजी म्हणजे तिखट खाण्याची शर्यत, असं बाहेर झालंय ते मला पटत नाही. सुकं खोबरं, खसखस, धने, मिरे, दगडफूल असा कितीतरी ऐवज भाजून, वाटून तो काळपट मसाला होतो. जुन्या घरांत त्याला जवसाचं तेल असायचं. पहिल्या घासाला मसाल्याची चव लागते, तिखट मागून घशात चढतं. म्हणून सुरुवातीला सावकाश खा, लिंबू पिळा, कांदा जवळ ठेवा. वाढणाऱ्याला आधीच सांगा, "दादा, तर्री कमी टाका." वरचा तेलाचा तवंग बाजूला केला की रस्सा बराच सुसह्य होतो. मटण खाणाऱ्यांनी मटण घ्यावंच, आणि धीर असेल तर खूर किंवा वजडीही.

सासूबाईंसाठी पाटवडी रस्सा आणि डाळकांदा. दोन्ही अस्सल आहेत, मांसाहारी पदार्थाची शाकाहारी नक्कल नव्हे. पाटवडी बेसनाची, त्याच मसाल्याच्या रश्श्यात सोडलेली, सोबत पोळी किंवा भाकरी. पण बहुतेक ठिकाणी मटण त्याच स्वयंपाकघरात शिजतं. त्यांना ते चालणार नसेल तर जाण्याआधी विचारा, तिथं बसल्यावर नको. पूर्ण शाकाहारी सावजी भोजनालयंही शोधली तर सापडतात. मुलांना साधं वरण-भात मिळेल का, तेही फोनवरच विचारून घ्या.

शनिवारी सकाळी मात्र सगळ्यांना चालतील असे तर्री पोहे. कस्तुरचंद पार्कच्या आसपास जा, मेट्रोचं स्टेशन त्याच नावाचं आहे. वाफाळलेले पोहे, त्यावर हरभऱ्याची लाल तर्री, वरून कांदा आणि शेव. मुलांना तर्री वेगळ्या वाटीत मागा, म्हणजे त्यांचे पोहे कोरडे राहतील. फार उशिरा गेलात तर पातेली रिकामी झालेली असतील. तिथून झिरो माईलचा दगडी खांब आणि घोड्यांचे पुतळे मुलांना दाखवून या, हाकेच्या अंतरावर आहेत.

आता पब. धरमपेठ, रामदासपेठ, सदर आणि वर्धा रोडवरची मोठी हॉटेलं, एवढ्यात तुमचं काम होईल. नावं देत नाही, कारण ही ठिकाणं भराभर बदलतात. त्या आठवड्यातली ताजी मतं वाचा आणि फोन करून लहान मुलं चालतात का ते विचारा. चालत असतील तर साडेसहा-सातला जाऊन नऊच्या आत निघा. संगीताचा आवाज वाढला की मुलं कंटाळतात आणि तुमचंही बोलणं होत नाही. खरं विचाराल तर सासूबाईंना आणि मुलांना तिथं नेऊच नका. त्यांना आधी फुटाळा तलावावर फिरवून, दिनशॉचं आइसक्रीम खाऊ घालून हॉटेलवर सोडा (दिनशॉ १९३२ पासूनचं, नागपूरचंच) आणि तुम्ही दोघं निवांत दोन तास बसा. दुपारी सावजी झालंय, तेव्हा पबमध्ये हलकंच काही मागवा. तिथल्या मेनूवरचं सावजी चिकन तर नकोच, दुपारची चव जिभेवर असताना ते फिकं लागेल. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५. सोबत कॉलेजातला भाचा-पुतण्या येणार असेल तर हे आधीच लक्षात घ्या. परतताना कॅब करा.

रविवारी सकाळी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती ही जागा. स्तूपाच्या आत घुमटाखाली थोडा वेळ शांत बसा, मुलांनाही बसवा. नागपूरला येऊन इथं न जाणं मला तरी कळत नाही.

दुपारी वडाभात. मिश्र डाळींचे भरड वाटलेले वडे गरम भातावर कुस्करायचे, वर हिंग-लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची, सोबत कढी किंवा मठ्ठा. सासूबाईंना सगळ्यात जास्त हेच आवडेल अशी माझी खात्री आहे. विष्णू मनोहर यांच्या 'विष्णूजी की रसोई'त असे वऱ्हाडी पदार्थ मिळतात आणि कुटुंबानं निवांत बसायला जागा चांगली आहे. हिवाळ्यात आलात तर सांबारवडी सोडू नका. कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली ही वडी कढीत किंवा तर्रीत बुडवून खायची. कोथिंबीर थंडीत ताजी आणि भरपूर असते, म्हणून तेव्हाच तिला खरी मजा येते.

कधी यायचं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा लहान मुलांना घेऊन दुपारी बाहेर पडणं धोक्याचं. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की चांगल्या हॉटेलांच्या खोल्या मिळत नाहीत, भाडंही चढतं. तारखा बघूनच बुकिंग करा. थंडीत बाजारात आंबिया बहराची, म्हणजे आदल्या हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या झाडांची, संत्री असतात. रेल्वे स्टेशनला लागूनच संत्रा मार्केट आहे, तिथून घ्या. संत्रा बर्फी हल्दीरामची घ्या, पण डब्यावरची तारीख वाचून.

आणि रविवारी शहर सोडून सेवाग्रामला जायचा बेत झाला (रस्त्यानं साधारण ७५ किलोमीटर), तर गाडीत बाटली ठेवू नका. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.