गणवेशाची अट आणि राज्यकर्त्याची पात्रता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदराकडे गेले काही आठवडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जात आहे : देशाचे नेतृत्व करणाऱ्याने आधी सैन्यात नोकरी केलेली असावी, असा नियम का नाही? राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय ज्या पुण्यात आहे, तेथे हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मात्र निम्म्याहून अधिक पत्रे इतर देशांत लष्करी अनुभवाशिवाय सर्वोच्च पद मिळत नाही, असे सांगत भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या एका संदेशाच्या आधारावर लिहिलेली आहेत आणि त्या संदेशातील बहुतेक विधाने चुकीची आहेत. वर्षानुवर्षे सामरिकशास्त्र आणि राज्यघटना शिकवल्यानंतरही तीच उत्तरे पुन्हा द्यावी लागतात, म्हणून या वेळी निवडक पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (हडपसर) : पंतप्रधान होण्यासाठी घटनेत लष्करी सेवेची काही अट आहे का?

नाही. नागरिकत्व, वय आणि संसदेचे सदस्यत्व एवढेच पाहिले जाते. लोकसभेसाठी 25 आणि राज्यसभेसाठी 30 वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांच्या आत सदस्य व्हावे लागते. आजवरच्या एकाही पंतप्रधानांनी सैन्यात नोकरी केलेली नाही. राजीव गांधी वैमानिक होते, पण इंडियन एअरलाइन्सचे; हवाई दलाचे नव्हे. हा गैरसमज मला दरवर्षी किमान एका उत्तरपत्रिकेत भेटत असे.

प्रश्न (कोथरूड) : इस्रायल आणि अमेरिकेत लष्करी अनुभवाशिवाय सर्वोच्च पद मिळत नाही, असे वाचले. आपल्याकडे तसे का करू नये?

आपण वाचलेले खोटे आहे. अमेरिकेच्या घटनेने राष्ट्राध्यक्षासाठी जन्मसिद्ध नागरिकत्व, 35 वर्षे वय आणि 14 वर्षांचे वास्तव्य या तीनच अटी घातल्या आहेत. 1945 ते 1993 या काळातील सर्व राष्ट्राध्यक्षांनी कधी ना कधी गणवेश घातला होता हे खरे. पण तो दोन महायुद्धांत लढलेल्या पिढ्यांचा परिणाम होता, कायद्याचा नव्हे. क्लिंटन, ओबामा, ट्रम्प आणि बायडन यांपैकी कोणीही सैन्यात नव्हते. इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी सेवा सर्वसामान्य नागरिकांसाठी आहे, पंतप्रधानपदाची ती पात्रता नाही. 1969 साली पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर इस्रायली सैन्यात कधीही नव्हत्या.

अशी अट ज्याच्या जवळपास येते, ते उदाहरण म्यानमारचे. तेथील 2008 च्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला राजकीय, प्रशासकीय आणि आर्थिक बाबींबरोबरच लष्करी बाबींचीही चांगली जाण असावी लागते, शिवाय संसदेच्या एक चतुर्थांश जागा लष्कराकडे राखीव ठेवलेल्या आहेत. त्या देशाचे पुढे काय झाले हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगावे लागू नये. असे संदेश पुढे पाठवण्यापूर्वी मूळ घटना निदान एकदा उघडून पाहावी, अशी माझी विनंती आहे. ती इंटरनेटवर फुकट मिळते.

प्रश्न (चिंचवड, निवृत्त सुभेदार) : 1962 चा पराभव संरक्षणमंत्र्यांना लष्करातले काही कळत नव्हते म्हणूनच झाला ना? अनुभवी मंत्री असता तर चित्र वेगळे दिसले असते.

सुभेदारसाहेब, आपल्या पत्रामागची वेदना मला समजते, परंतु निष्कर्ष मान्य करता येत नाही. हा मुद्दा मी सविस्तर मांडणार आहे, कारण सगळा घोटाळा येथेच आहे.

1962 पूर्वी दिल्लीत माहितीची टंचाई नव्हती. पूर्व विभागाचे प्रमुख असलेले आपल्या कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल थोरात यांनी 1959 मध्येच चीनच्या संभाव्य हल्ल्याचा अंदाज लेखी स्वरूपात वर पाठवला होता, आणि मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धाभ्यास घेऊन तो अंदाज इतर सेनाधिकाऱ्यांसमोर तपासूनही पाहिला होता. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो धोका मानला नाही. म्हणजे उणीव अनुभवाची नव्हती. ज्यांच्याकडे अनुभव होता त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही. शिवाय त्याच युद्धात ईशान्येकडील नव्या कोअरची (मोठ्या सैन्यविभागाची) सूत्रे ज्या जनरल कौल यांच्याकडे दिली गेली, ते गणवेशातच होते, पण लढाईतील नेतृत्वाचा अनुभव त्यांच्यापाशी जवळपास नव्हता. सैन्यातील नोकरी आणि युद्धाचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण हा सह्याद्री वकील होता, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेला कार्यकर्ता होता आणि त्याने लष्करात एक दिवसही काढलेला नव्हता. सेनाप्रमुखांशी विश्वासाचे नाते पुन्हा जुळवणे हे त्यांचे मोठे काम. 1 सप्टेंबर 1965 रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी त्याच दुपारी दिली. 1962 मध्ये लढाऊ विमानांचा वापर झालाच नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. 1971 मध्ये सेनाप्रमुख माणेकशा यांनी पावसाळ्यापूर्वी युद्ध नको असे स्पष्ट सांगितले आणि इंदिरा गांधी थांबल्या. त्याही सैनिक नव्हत्या.

आता उलट बाजू पाहू. 6 ऑक्टोबर 1973 रोजी इस्रायलवर अनपेक्षित हल्ला झाला, तेव्हा संरक्षणमंत्री होते माजी सेनाप्रमुख मोशे दायान, आणि आणखी एक माजी सेनाप्रमुख त्याच मंत्रिमंडळात होते. एवढा अनुभव टेबलाभोवती बसलेला असूनही शत्रू आत्ताच हल्ला करणार नाही, ही समजूत हलली नाही. अनुभवी माणूस ऐकत नाही असे मला म्हणायचे नाही. पण आपल्याला कळते ही खात्री ज्याला आहे, त्याला विरुद्ध मत ऐकवणे अधिक अवघड असते, आणि हाताखालचे अधिकारी ते ऐकवायला धजावत नाहीत.

सैनिक नसलेल्या कारभाऱ्याचे उदाहरण तर आपल्या घरातच आहे. जानेवारी 1779 मध्ये वडगाव मावळला इंग्रजांच्या फौजेला तह मान्य करावा लागला, तेव्हा मैदान महादजी शिंद्यांकडे होते आणि पुण्याचा कारभार फडावरच्या नाना फडणवीसांकडे. नानांनी आधी तलवार गाजवून दाखवावी, मग कारभार करावा, अशी अट तेव्हा कोणी घातली असती तर पुण्याचे नुकसानच झाले असते.

या विषयावर आपल्याला अधिक वाचायचे असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागात जाऊन तेथील प्राध्यापकांशी अवश्य बोला. आपल्यासारख्या माजी सैनिकाचे तेथे स्वागतच होईल.

प्रश्न (बाणेर) : निदान संरक्षणमंत्र्यांसाठी तरी ही अट असावी, असे वाटत नाही का?

नाही. अमेरिकेचा कायदा तर नेमका उलट आहे. 1947 च्या कायद्याने, सैन्यातून बाहेर पडल्यावर दहा वर्षे उलटल्याशिवाय संरक्षणमंत्री होता येणार नाही असे ठरवले; पुढे ही मुदत बदलली, पण तत्त्व कायम राहिले. 1950 मध्ये मार्शल, 2017 मध्ये मॅटिस आणि 2021 मध्ये ऑस्टिन या माजी सेनाधिकाऱ्यांसाठी तेथील संसदेला खास सूट द्यावी लागली. सेनाधिकाऱ्याने सल्ला द्यावा आणि लोकांना उत्तरदायी असलेल्या नागरी मंत्र्याने निर्णय घ्यावा, हा त्यामागील विचार आहे.

शिवाय अट घातली तर उरणार कोण, याचाही हिशेब करावा. सुमारे 140 कोटींच्या देशात सेवेत असलेले सैनिक 14 लाखांच्या आसपास आहेत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. म्हणजे या अटीने देशातील जवळजवळ सर्व स्त्रिया एका फटक्यात बाद होतील. जसवंत सिंह किंवा खंडुरी यांच्यासारखे माजी सैनिक राजकारणात आले, पुण्याने तर सुरेश कलमाडी यांच्या रूपाने हवाई दलातील माजी वैमानिक अनेकदा लोकसभेत पाठवला. याउलट पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा 1971 साली मुंबईतून उभे राहिले आणि हरले. दोन्ही निर्णय मतदारांचे होते, आणि ते त्यांच्याकडेच राहावेत.

प्रश्न (वाघोली) : मुलाला पुढे राजकारणात जायचे आहे. एका क्लासने ‘लष्करी नेतृत्व प्रमाणपत्र’ देणारे दहा दिवसांचे निवासी शिबिर सुचवले असून, पुढे कायदा झाला की हे उपयोगी पडेल असे सांगितले. फी बरीच आहे.

पैसे भरू नका. असा कोणताही कायदा झालेला नाही. 2018 मध्ये एका संसदीय समितीने राजपत्रित सरकारी नोकरीसाठी पाच वर्षांच्या लष्करी सेवेची शिफारस केली होती. ती नेत्यांसाठी नव्हती आणि अमलातही आलेली नाही. चट्टेपट्टे असलेले कपडे घालून सिंहगड चढवणे म्हणजे लष्करी प्रशिक्षण नव्हे. शिस्तीची आवड असेल तर महाविद्यालयातील एनसीसीमध्ये नाव घाला आणि तेथील अधिकाऱ्यांचा सल्ला घ्या.

प्रश्न (औंध, निवृत्त कर्नल) : निवडणुकीच्या फलकावर हुद्दा आणि गणवेशातील छायाचित्र वापरता येईल का?

हुद्द्यापुढे ‘निवृत्त’ हा शब्द ठळकपणे लिहावा. गणवेशातील छायाचित्र मात्र टाळावे. सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने डिसेंबर 2013 मध्ये दिली आणि मार्च 2019 मध्ये तिचा पुनरुच्चार केला. गणवेश साऱ्या देशाचा आहे. तो एका पक्षाच्या झेंड्याशेजारी छापला गेला, की दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्या जवानाच्या मनात काय येत असेल याचा आपण माजी अधिकारी म्हणून विचार करावा. तरीही शंका असल्यास निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर घ्या. कार्यकर्त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

प्रश्न (जुन्नर तालुका) : माझे पती सैन्यात तेरा वर्षे सेवेत आहेत. पंचायत समितीसाठी अर्ज भरण्याची मुदत आठ दिवसांत संपते. राजीनामा देऊन ते उभे राहू शकतील का?

हे पत्र आठ महिन्यांपूर्वी यायला हवे होते. सेवेत असलेल्या सैनिकाला निवडणूक लढवता येत नाही आणि राजकीय सभेतही भाग घेता येत नाही. सैन्याच्या 1954 च्या नियमांत तशी स्पष्ट मनाई आहे. अर्ज दिला म्हणजे सेवामुक्ती मिळाली असे होत नाही. ती मंजूर होऊन आदेश हातात पडावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे पंधरा वर्षांची सेवा लागते, आणि त्यांची तेरा झाली आहेत. गावातील कोणी ‘होऊन जाईल’ म्हणत असेल, तर त्याला आयुष्यभराच्या पेन्शनची हमी लिहून द्यायला सांगा.

कोणताही कागद सही करण्यापूर्वी त्यांनी आपल्या युनिटमध्ये आणि अभिलेख कार्यालयात विचारावे. आपण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि निवडणुकीची प्रकरणे पाहणाऱ्या वकिलांकडे जाऊन यावे. आणखी एक गोष्ट : सैन्याचे हे नियम त्यांना लागू आहेत, आपल्याला नाहीत. आपले नाव मतदारयादीत असेल आणि इतर अटी पूर्ण होत असतील, तर अर्ज आपणच भरू शकता. मात्र ते रजेवर आले असले तरी प्रचारात दिसता कामा नयेत.