साखरेची गोळी आणि खाज

प्रश्न : वय 54. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन 10 मिलिग्रॅम सुरू झाल्यापासून खाली सतत खाज येते, दह्यासारखा पांढरा स्राव जातो. गोळी बंद करू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, गोळी स्वतःहून बंद करू नका. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढते. त्या गोड ओलाव्यावर कॅन्डिडा ही बुरशी वाढते. पुरुषांनाही हे होतं, ते सांगत नाहीत इतकंच.

लक्षणं बुरशीचीच वाटतात, तरी एकदा तपासून घ्या. सहसा क्लोट्रिमाझोलची 100 मिलिग्रॅमची योनीत ठेवायची गोळी सहा रात्री देतात. खाज थांबली तरी कोर्स पुरा करा. मेडिकलमध्ये नुसती ‘खाजेची ट्यूब’ मात्र मागू नका. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं : दोन दिवस आराम, मग बुरशी आणखी पसरते.

लघवीनंतर साध्या पाण्यानं धुऊन टिपून कोरडं करा. साबण, डेटॉल नको. तुमच्याकडच्या पावसात कपडे वाळतच नाहीत, तेव्हा दमट निकरवर इस्त्री फिरवून मगच घाला. त्रास वारंवार होऊ लागला तर डॉक्टर औषध बदलतील. जननेंद्रियाभोवती सूज, तीव्र वेदना आणि ताप असेल तर थांबू नका, लगेच बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात जा.