‘भारताची शक्यता १.४०’? नव्हे, भाव

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी क्रिकेटवरच्या इंग्रजी लेखाचं मराठी करताना ‘ऑड्स’साठी (पैज जिंकली तर लावलेल्या पैशावर किती मिळेल, ते सांगणारा आकडा) ‘शक्यता’ योजलं. वाक्य झालं : ‘भारताची शक्यता १.४० आहे.’ त्यांच्या मुलानं ते वाचून विचारलं, ‘आई, शक्यता एकाहून जास्त कशी?’ तेव्हा ताईंचा प्रश्न : मग ‘ऑड्स’ला म्हणायचं काय?

मुलगा बरोबर बोलला. अशक्य म्हणजे ०, हमखास म्हणजे १. संभाव्यता त्यांच्या मधेच कुठेतरी असते. (इंदूरच्या हिंदी शाळांत तिला ‘प्रायिकता’ म्हणतात, महाराष्ट्राच्या दहावीत ‘संभाव्यता’. आमच्या घरात दोन्ही नांदतात.) १.४० ही संभाव्यता नाहीच, ती किंमत आहे. आणि किंमतीला आपल्याकडे शब्द तयार आहे : भाव. मॅचच्या रात्री पानाच्या ठेल्यावर ‘भाव क्या चल रहा है?’ कानावर पडतं, म्हणून तो हिंदीचा समजून नाक मुरडू नका. सोन्याचा भाव, कांद्याचा भाव आपलाच. त्यात इंदूर म्हणजे सेठ हुकुमचंदांचं गाव. कापसाच्या सट्ट्यात त्यांचं नाव देशभर होतं. गंमत म्हणजे ‘भाव’ आणि ‘संभाव्यता’ दोन्ही ‘भू’ धातूचीच लेकरं, पण एक बाजारात गेलं आणि दुसरं शाळेत.

आता हाच भाव चार तऱ्हांनी लिहितात. १.४० म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर मुद्दलासकट १ रुपया ४० पैसे हातात. आपले सट्टेवाले मुद्दल धरत नाहीत, नुसतं ‘चाळीस पैसे’ म्हणतात. इंग्लंडात तेच २/५ लिहितात, आणि अनुवादक इथेच फसतो. त्याचं ‘दोनाला पाच’ केलंत तर सगळं उलटं होईल. पाच लावले तर दोन सुटतात, म्हणून ‘पाचाला दोन’. अमेरिकेत −२५० : शंभर कमवायला अडीचशे लावा. अधिक चिन्ह असेल तर उलट, शंभरावर तेवढी कमाई.

ताईंचा दुसरा प्रश्न ‘इम्प्लाइड प्रोबॅबिलिटी’चा. ‘गर्भित संभाव्यता’ व्याकरणात बसते, पण वर्तमानपत्रांनी ‘गर्भित’ला ‘इशारा’ इतका घट्ट चिकटवलाय की कुणीतरी धमकी देतंय असं वाटतं. मी सरळ ‘भावातून निघणारी संभाव्यता’ लिहीन. काढायची कशी? १०० ला १.४० नं भागा : ७१.४ टक्के.

मात्र तिला खरी संभाव्यता समजू नका, कारण भावात बुकीची कमाई मिसळलेली असते. समजा, भाव ४०-४२ चाललाय. भारतावर ‘लगाई’ करणाऱ्याला रुपयावर ४० पैसे सुटतात. ‘खाई’ करणारा भारताच्या विरुद्ध असतो. भारत हरला तर त्याला रुपया, जिंकला तर त्याचे ४२ पैसे गेले. त्या बाजूची टक्केवारी ४२ भागिले १४२, म्हणजे २९.६. त्यात भारताचे ७१.४ मिळवले की बेरीज १०१. वरचा एक टक्का बुकीचा. दोन्ही बाजूंना १.९० असेल तर बेरीज १०५ च्या वर जाते. ‘ऑड्स’ म्हणजे ‘शक्यता’ लिहिलं की हा फरकच पुसला जातो.

मोठ्या भावाचं उदाहरण हवं असेल तर १९८१ ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया हेडिंग्ले कसोटी घ्या. इंग्लंडचा भाव ५००/१, म्हणजे ‘रुपयाला पाचशे’. भावातून निघणारी संभाव्यता ०.२ टक्के. इंग्लंड १८ धावांनी जिंकलं, आणि त्या भावावर पैसे लावले होते ऑस्ट्रेलियाच्याच संघातल्या लिली आणि मार्श यांनी!

एक खड्डा मात्र ‘भाव’मध्येही आहे. भारत सामन्यावर पकड बसवतो तेव्हा भाव ४० वरून २५ पैशांवर येतो, म्हणजे संभाव्यता ८० टक्क्यांवर चढते. इथे ‘भारताचा भाव घसरला’ लिहिलंत तर वाचणारा समजेल, आपल्या विकेटी पडल्या. म्हणून ताई, घसरला-वधारला टाळा आणि लिहा : ‘भारताचा भाव ४० पैसे होता, तो २५ वर आला, बुकी आता भारताला आणखी भक्कम धरतात.’