कृषी सल्ला: शेततळ्यातले पाणी उन्हाने जाते की गळतीने?

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यात डाळिंब बागेसाठी 30 बाय 30 बाय 3 मीटरचे शेततळे आहे. 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद टाकून चार वर्षे झाली. मार्च लागल्यापासून मोटर बंद असली तरी पाण्याची रेघ कागदावर रोज साडेचार सेंटिमीटर खाली सरकते. कागद फाटला असेल का? तळे रिकामे करून पाहावे का?

उत्तर: तळे आत्ताच रिकामे करू नका. बागेला पाण्याची सर्वांत जास्त गरज आता आहे आणि भरलेले तळेच गळतीची जागा सांगते. रिकाम्या तळ्यात 7–8 मिलिमीटरचे छिद्र डोळ्यांनी शोधणे फार अवघड जाते.

पहिली दुरुस्ती मापाची. रेघ उतारावर सरकते, पाणी मात्र उभे उतरते. उतार एकास दीड (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवे) असेल तर उतारावर मोजलेल्या अंतराला 1.8 ने भागायचे, एकास एक असेल तर 1.4 ने. एकास दीड उतार धरला तर तुमच्या साडेचार सेंटिमीटरचे खरे उतरणे अडीच सेंटिमीटर, म्हणजे 25 मिलिमीटर होते. बरेच शेतकरी इथेच फसतात आणि नसलेली गळती शोधत बसतात.

आता यातले उन्हाचे किती, ते वेगळे काढा. 18–20 लिटरची फिकट रंगाची बादली घ्या. ती ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये घट्ट बसवून तळ्यात तरंगत ठेवा आणि दोन बाजूंनी दोरीने काठावरच्या खुंट्यांना बांधा. खुंट्या कागद दाबलेल्या चराच्या बाहेर ठोका, चरात नाही. बादलीत तळ्याचेच पाणी भरा, काठापासून पाच-सहा सेंटिमीटर खाली राहील एवढे. पाणी यापेक्षा खोल राहिले तर बादलीची भिंत वारा अडवते आणि बाष्पीभवन कमी दिसते. काठोकाठ भरले तर लाटेचे पाणी आत येते. काठावर ठेवलेली बादली चालणार नाही. ती उन्हाने तापते आणि आकडा फुगतो.

तीन दिवस मोटर बंद, तळ्यात येणारे पाणी बंद. रोज सूर्योदयाला, वारा सुटण्याआधी, बादलीतले पाणी पट्टीने काठापासून मोजा आणि तळ्याची रेघ कागदावर मार्करने मारा. उन्हाळ्यात तुमच्या भागात बाष्पीभवन दिवसाला साधारण 7 ते 10 मिलिमीटर असते, हिवाळ्यात 3–4. बादली 8 मिलिमीटर उतरली आणि तळे 25, तर फरक 17 मिलिमीटर. ही गळती. दोन्ही आकडे सारखेच आले तर कागद शाबूत आहे. मग प्रश्न फक्त उन्हाचा आणि वाऱ्याचा उरतो.

बागेला तीन दिवस पाणी तोडणे शक्य नसेल तर रात्रीचे माप घ्या. संध्याकाळी सातला मोटर बंद करून रेघ मारा, सकाळी सहाला पुन्हा. रात्री बाष्पीभवन बरेच कमी असते, त्यामुळे रात्री जे जाते ते बहुतेक गळतीचे असते. बादली मात्र रात्रीही ठेवाच, कारण कोरडा वारा असला की रात्रीही पाणी उडते.

फरक लिटरमध्ये लिहून ठेवा. याचे कारण असे की तळे खाली निमुळते होत जाते. एकास दीड उताराच्या तुमच्या तळ्यात पूर्ण भरल्यावर सुमारे 19.7 लाख लिटर पाणी बसते. अडीच मीटर पाणी असताना पृष्ठभाग सुमारे 812 चौरस मीटर, एक मीटर उरल्यावर 576. पहिल्या स्थितीत 17 मिलिमीटर म्हणजे रोज सुमारे 13,800 लिटर. तेवढेच लिटर एक मीटर पाण्यावर गेले तर ते 24 मिलिमीटर दिसतील. गळती वाढली असे वाटेल, पण ती वाढलेली नसेल. 13,800 लिटर म्हणजे 4.5 बाय 3 मीटरवरच्या एका एकरातल्या साधारण 300 झाडांना झाडामागे 46 लिटर पाणी. ही गळती सोडून देण्यासारखी नाही.

कागदाकडे वळण्याआधी पाइप पाहा. पंप काठावर असेल आणि बाग तळ्याच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर मोटर बंद केल्यावरही पाइपमधून पाणी आपोआप ओढले जाते. ठिबकच्या शेवटच्या नळ्या रात्रभर गळत असतात आणि दोष कागदाला लागतो. मोटर बंद केल्यावर अर्ध्या तासाने फ्लश व्हॉल्व्हजवळ (पाइप धुण्यासाठी टोकाला असतो तो) आणि सर्वांत खालच्या नळीच्या टोकाला हात लावून पाहा. पाणी येत असेल तर पंपाजवळचा व्हॉल्व्ह रोज बंद करा किंवा पाइपच्या सर्वांत उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवा. कागदातून आरपार पाइप काढलेला असेल, तर तिथला जोड हा पहिला संशयित धरा.

पाइप निर्दोष असतील तर गळतीची उंची शोधायची. पाणी बागेला नेहमीसारखे वापरत राहा आणि दर अर्धा मीटर पाणी उतरल्यावर एका रात्रीचे माप घ्या. एखाद्या पातळीला तळे आणि बादली सारखेच उतरू लागले, तर छिद्र त्या रेघेच्या लगेच वर आहे. तिथे तळ्याभोवती सगळीकडे वरची हातभर पट्टी बारकाईने तपासा. गळतीचे लिटर हळूहळू कमी होत जातात पण थांबत नाहीत, तर छिद्र तळाला किंवा तळाजवळ आहे. पाण्याचा दाब घटल्यामुळे ते लिटर कमी होतात. आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो: कागदाखाली मोकळा मुरूम असेल तर दोन मीटर पाण्याखालचे 10 मिलिमीटरचे एक छिद्र दिवसाला सुमारे 25 हजार लिटर पाणी सोडू शकते. तुमच्या गळतीला करंगळीपेक्षा बारीक, 7–8 मिलिमीटरचे भोक पुरते. खाली चोपण काळी माती असेल तर त्याच भोकातून फार कमी पाणी जाते.

कुठे पाहायचे? चारही कोपरे, कारण तिथे कागदाच्या घड्या पडतात. दोन पट्ट्यांचे जोड. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या ओढपाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) जिथे घासतो ती जागा. काठाजवळ घुशी आणि उंदीर मागून कुरतडतात, त्यामुळे भरावाच्या बाहेरच्या अंगाला बिळे दिसली तर त्यांच्या समोरची बाजू नीट पाहा. लव्हाळ्याचे कोंब खालून कागद भोसकून वर येतात. पाण्यात पडलेले कुत्रे किंवा रानडुक्कर बाहेर पडण्याची धडपड करते, तेव्हा नखांचे ओरखडे पाण्याच्या रेघेवर उमटतात. भरावाच्या पायथ्याशी ऐन उन्हाळ्यात एकाच ठिकाणी हिरवे गवत किंवा ओल असेल तर ती खूण मोठी. जागा साधारण कळल्यावर पाणी संथ असताना, पहाटे, बाटलीतून खाण्याच्या रंगाची बारीक धार कागदालगत सोडा. छिद्र असेल तर रंग पसरण्याऐवजी एका बाजूला ओढला जातो. मोठ्या, गढूळ तळ्यात मधोमध रंग टाकून काही कळत नाही.

उतारावर एकट्याने कधीही उतरू नका. शेवाळलेला कागद पायाला पकड देत नाही आणि पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. काठाला गाठी मारलेला दोर कायमचा बांधलेला हवा, हाताशी हवा भरलेली ट्यूब आणि दुसरा माणूस हवा. लहान मुलांसाठी कुंपण हवेच.

छिद्र सापडल्यावर पाणी त्याच्या खाली जाऊ द्या. आजूबाजूला हाताने दाबून पाहा. कागद पोकळ लागला तर खालची माती वाहून गेली आहे. ती पोकळी बारीक चाळलेल्या ओलसर मातीने भरून ठोकल्याशिवाय ठिगळ लावू नका, नाहीतर पाण्याच्या वजनाने कागद तिथेच पुन्हा ताणून फाटेल. ठिगळ त्याच जातीच्या कागदाचे, छिद्राच्या चारही बाजूंना किमान 10 ते 15 सेंटिमीटर जास्त आणि कोपरे गोल कापलेले असावे. जागा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा आणि गरम हवेच्या यंत्राने वेल्ड करून घ्या. पंक्चरचे सोल्यूशन किंवा पाइपचा डिंक या कागदावर टिकत नाही. पॉलिथिनला तो धरतच नाही. ब्यूटाइल टेप हंगाम काढायला चालेल, तो तात्पुरता समजा. वेल्ड थंड झाल्यावर कडेने बोथट स्क्रू ड्रायव्हर फिरवा. टोक कुठे आत शिरले तर तेवढा भाग पुन्हा करा.

प्रश्न: मुरमाड जमिनीत बिनकागदाचे शेततळे आहे. पावसात भरते, डिसेंबरपर्यंत कोरडे. गाळ काढल्यापासून जास्तच लवकर आटते.

उत्तर: साचलेला गाळ हेच तुमच्या तळ्याचे अस्तर होते. तो खरवडून काढल्यावर मुरूम उघडा पडला. पाणी ठरावीक पातळीपर्यंत झपाट्याने उतरून मग टिकत असेल तर बाजूच्या भिंतीत मुरमाचा थर आहे, तेवढाच बुजवा. अन्यथा तळाला आणि बाजूंना चिकण काळ्या मातीचा 30 सेंटिमीटरचा थर द्या. 15–15 सेंटिमीटरचे दोन थर करा. माती मुठीत दाबल्यावर गोळा होईल एवढी ओलसर ठेवून प्रत्येक थर वेगळा रोलरने दाबा. कोरडी माती दाबली तर ती बसत नाही. हा थर उघडा ठेवून वाळू दिला तर भेगा पडतात, म्हणून काम मेअखेरीस करा. तळ्याच्या खालच्या बाजूला तुमची विहीर असेल आणि उन्हाळ्यात तिला पाणी राहत असेल तर अस्तर करूच नका. ते पाणी विहिरीत मुरते आहे आणि तिथे ते उन्हाने उडत नाही.

प्रश्न: कागद जुना झाला आहे. पाण्याच्या वरच्या भागात बारीक चिरा दिसतात. ठिगळे लावावीत का?

उत्तर: वरच्या भागातला एक तुकडा हाताने दुमडून जोरात दाबा. घडीवर चीर गेली तर उन्हाने कागदाचा जीव गेला आहे आणि वेल्ड करताना ठिगळाच्या कडेलाच तो पुन्हा फाटेल. पाण्याखालचा कागद बहुतेक वेळा चांगला असतो, कारण त्याला ऊन कमी लागते. तो तपासून वरची पट्टीच बदलता येते. नवी पट्टी पाण्याच्या नेहमीच्या पातळीखाली किमान अर्धा मीटर नेऊन, चांगल्या कागदावरच जोडा.